ताप उतरला त्या दिवशी

आमच्या माहेरी आजारपणाचा म्हणून एक स्वतंत्र डबा असे. मुळात तो बिस्किटांचा. झाकणावरच्या चित्रातली बाई पुसून पुसून नाक-डोळे हरवून बसलेली. पाऱ्याचा थर्मामीटर, कोलनवॉटरची बाटली, बाम, सुंठेचा तुकडा, आजोबांच्या जुन्या धोतराच्या मऊ घड्या आणि ग्लुकोजचा पुडा असा सगळा सरंजाम त्यात असायचा. घरात कोणी कण्हले की आजी तो डबा काढी. थर्मामीटर लावण्यापूर्वी ती आपला हात कपाळावर ठेवी आणि म्हणे, “शंभराच्या वर आहे.” बिचारा पाराही सहसा तिचा शब्द मोडत नसे.

मला कांजिण्या आल्या तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. म्हणजे गोष्ट १९८० नंतरची. फार जुनी नव्हे. पण आमच्या घरापुरते शतक मागेच रेंगाळले होते. मला मागच्या खोलीत ठेवले. दाराला कडुनिंबाचे डहाळे लावले. घरात फोडणी बंद, चुलतभावंडांना माझ्या खोलीकडे फिरकण्याची बंदी, आणि मला दोन्ही वेळा अळणी मऊ भात. आजीने माझी नखे बोटांच्या कडेपर्यंत कापून टाकली आणि खाज सुटली की निंबाची डहाळी अंगावरून हलकेच फिरवायची. यातले किती बरोबर नि किती चूक याचा हिशेब पुढे कळला. नखे कापणे बरोबर, भावंडांना दूर ठेवणे तर शंभर टक्के बरोबर; अळणी भाताला मात्र शास्त्राचा काडीचाही आधार नाही. पण मला त्या पंधरवड्यातले आठवते ते वेगळेच. आजी तासन् तास उशाशी बसे आणि फारसे बोलत नसे. मी बोलत असे.

पुढे मी मराठीची प्राध्यापिका झाले. गेली अठरा वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासते आहे. ‘शुश्रूषा’ हा शब्द शंभरातली नव्वद मुले ‘सुश्रुषा’ असा लिहितात आणि मी न चुकता त्याखाली तांबडी रेघ ओढते. शब्द कसा लिहायचा हे मला पक्के ठाऊक होते. तो करायचा कसा, हे २०२३ च्या सप्टेंबरात एका सिस्टरने शिकवले.

गणपतीच्या आधीचा गुरुवार होता. आमचे चिरंजीव, वय वर्षे चौदा, शाळेतून आले ते दप्तर फेकून आडवेच झाले. अंग तापलेले, डोळ्यांच्या मागे दुखते म्हणाला, पाठ नि पाय ठणकत होते. पावसाळ्यात पुण्यात अशी लक्षणे दिसली की हल्ली शेजारच्या काकूसुद्धा निदान सांगतात. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी रक्त तपासले, डेंग्यू निघाला. औषध काय? तर ताप फार चढला तर पॅरासिटामॉल, भरपूर पेये आणि विश्रांती. अंगदुखीसाठी घरात पडलेल्या दुसऱ्या कुठल्या गोळ्या, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन, मुळीच द्यायच्या नाहीत. त्यांनी रक्तस्राव होण्याचे भय वाढते.

एवढे सोपे पथ्य. पण तेही आम्हाला पाळता आले नाही. शुक्रवारी दुपारी सासूबाईंनी त्याला गोळी दिली आणि दोन तासांनी कॉलेजातून येऊन मी दुसरी दिली. दोघींनीही प्रेमापोटीच! पॅरासिटामॉलचे माप वजनावर असते, किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण कोणी काय दिले हे लिहून ठेवायची पद्धतच आमच्या घरात नव्हती. आजीच्या डब्यात सगळे होते, पेन्सिल मात्र नव्हती.

शनिवारी उलट्या थांबेनात, तेव्हा त्याला इस्पितळात दाखल केले. चौदा वर्षांच्या मुलाची इस्पितळात मोठी पंचाईत होते, बरे का. मोठ्यांच्या वॉर्डात घेत नाहीत आणि मुलांच्या वॉर्डात भिंतीवर हत्ती, ससे नि इंद्रधनुष्य काढलेले. ओठांवर नुकती लव फुटलेल्या मुलाला सशाखाली झोपायचे म्हणजे काय शिक्षा! खाटही आखूड, पाय बाहेर. शेजारच्या खाटेवर आठ महिन्यांचे एक बाळ न्यूमोनियासाठी आणलेले, पलीकडे चार वर्षांची विषमज्वराची चिमुरडी. त्यात हा आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला.

त्या वॉर्डातल्या सिस्टर सांगलीकडच्या होत्या. वय तिशीच्या आसपास. पांढरा टोप आता गेलाच. निळा सदरा, निळा पायजमा आणि खिशाला सेकंदकाटा असलेले घड्याळ. बोलणे थोडे. पहिल्या भेटीत मला त्या जरा कोरड्याच वाटल्या. ‘कसं वाटतंय राजा’ वगैरे काही नाही. आल्या, हात धुतले, नाडी धरली, रक्तदाब घेतला, पायाला हात लावला, नखावर दाब देऊन पाहिले, तक्त्यावर आकडे लिहिले, हात धुतले, पुढच्या खाटेकडे गेल्या. मी ह्यांना फोनवर म्हणालेदेखील, “बाई कामाच्या आहेत, पण माया नाही.”

फोनची आठवण निघाली म्हणून सांगते. डेंग्यूच्या रोग्याच्या नातेवाइकांना प्लेटलेट्सची लागते तेवढी ओढ क्रिकेटच्या धावसंख्येचीही लागत नसेल. “किती झाल्या?” हा रामराम नि “वाढल्या का?” हा निरोप! रविवारी आकडा बेचाळीस हजारांवर उतरला, तशी माझी मावसबहीण पपईच्या पानांचा रस घेऊन दाराशी हजर. कोणी किवी आणली, कोणी बकरीच्या दुधाची व्यवस्था सांगितली. सिस्टरांनी कोणाची टिंगल केली नाही. “त्याला ओकाऱ्या होताहेत, आत्ता कडू काही नको,” एवढेच म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन तक्त्यावरचा दुसराच आकडा दाखवला. “ताई, सगळे प्लेटलेट विचारतात. आम्ही याच्याकडे जास्त बघतो.” तो रक्ताच्या दाटपणाचा आकडा होता, हिमॅटोक्रिट. तेव्हा तो ३८ होता.

सोमवारी सकाळी ताप उतरला! हरितालिकेचा दिवस. मी उपास करणाऱ्यांतली नव्हे, पण त्या सकाळी कुठल्याही देवाला हात जोडले असते. अंग गार लागत होते. मुलगा शांत पडला होता. “बरं वाटतंय ना?” मी विचारले. “हो.” “पोट दुखत नाही ना?” “नाही.” “लघवी झाली ना?” “झाली.” मी लागलीच घरी कळवले की उद्या गणपतीला आपण घरी. सासूबाईंनी मोदकांसाठी पिठी काढली.

सिस्टर आल्या तेव्हा मी हसतमुखाने ही बातमी त्यांना दिली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ताप उतरला ना, आता खरं बघायचं काम सुरू झालं.”

हे वाक्य प्रत्येक घरात माहीत असायला हवे, म्हणून त्याचा अर्थ जरा सविस्तर सांगते. इतर बहुतेक तापांत ताप उतरला की आपण सुटलो. डेंग्यूत उलटे होऊ शकते. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी काही रोग्यांच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर, पोटात नि छातीत उतरते. आत राहिलेले रक्त दाट होते, म्हणून तो हिमॅटोक्रिटचा आकडा चढतो. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. रक्तदाबाचा वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि खालचा चढत जातो, म्हणजे दोन आकड्यांतले अंतर मिटत येते. ते अंतर वीस किंवा त्याखाली गेले की रोगी धक्क्याच्या अवस्थेत गेला असे समजतात. हा धोक्याचा काळ साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा. पोटात दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, फार सुस्ती किंवा उलट फार बेचैनी या त्याच्या आधीच्या सूचना. परीक्षेच्या भाषेत सांगायचे तर ताप उतरणे ही पेपर सुटल्याची घंटा नव्हे, पेपर वाटल्याची आहे. बहुतेक मुले ती परीक्षा सहज पार करतात. पण वाटते वेळी कोणता पेपर कोणाला येणार हे सांगता येत नाही.

सिस्टरांनी चिरंजीवांच्या तळपायाला हात लावला. नख दाबून सोडले आणि घड्याळाकडे पाहिले. मला जे ‘शांत झोपणे’ वाटले होते त्याकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्या सहज स्वरात मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही सकाळपासून काही घेतलं नाही. जरा खाली जाऊन चहा घेऊन या.”

मला थोडे लागले. आईला कोणी असे उठवते? पण गेले.

पंधरा मिनिटांनी परत आले तर खाटेभोवती डॉक्टर, हाताला नवीन सुई, रक्त तपासायला गेलेले. मला बाहेर पाठवून त्यांनी खुर्ची ओढली होती नि त्याच्याजवळ बसल्या होत्या. मुलाने पुढे मला हे सगळे सांगितले म्हणून कळले. त्यांनी विचारले होते, “शेवटची लघवी कधी केलीस? नाश्त्याच्या आधी की रात्री?” बराच वेळ तो बोललाच नाही. त्याही बोलल्या नाहीत. तशाच बसून राहिल्या. मग तो म्हणाला, “काल रात्री.” “पोटात कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखव.” त्याने उजव्या बरगडीखाली बोट ठेवले. पहाटेपासून दुखत होते.

मग मला का नाही सांगितले? कारणे दोन. एक तर लघवी मापाच्या भांड्यात धरायची नि आईने ते भांडे हातात घेऊन सगळ्या वॉर्डातून न्यायचे, याची त्याला मरणाची लाज वाटत होती. चौदा वर्षांच्या मुलाचे ते! आणि दुसरे म्हणजे सोसायटीच्या गणपतीचा देखावा त्याच्याकडे होता. पुठ्ठ्याचा किल्ला अर्धा रंगवून झाला होता. दुखते म्हटले तर घरी सोडणार नाहीत, एवढा हिशेब त्याला येत होता.

रक्ताचा आकडा आला: ४६. रक्तदाब १००/७८. बावीसचे अंतर. नाडी सव्वाशेच्या घरात. त्या संध्याकाळपासून पुढचा सबंध दिवस मी शुश्रूषा या शब्दाची खरी उजळणी केली. सलाईन यंत्राला लावून तासाला मोजून सोडले जात होते. दर पंधरा मिनिटांनी, पुढे अर्ध्या तासाने, मग तासाने सिस्टर येत. तीच नाडी, तोच पाय, तेच नख, तेच दोन आकडे. त्यांची पाळी संपली तेव्हा रात्रीच्या सिस्टरांना खाटेपाशी आणून त्यांनी सगळा तक्ता वाचून दाखवला आणि हळूच म्हणाल्या, “हा दुखलं तरी सांगत नाही. मोघम विचारू नको. आणि भांडं पडद्याआड ठेव, त्याचं तो धरेल.” माया नाही असे मी या बाईंना म्हणाले होते!

रात्री दोनच्या सुमाराला अंतर चोवीस झाले, पहाटे अठ्ठावीस. त्याचे वजन ४६ किलो. तेव्हा तासाला निदान २३ मिलिलिटर लघवी हवी, असा हिशेब मला रात्रीच्या सिस्टरांनी समजावला होता. पाच वाजता पडद्याआडून चिरंजीवांचा खोल गेलेला आवाज आला, “सिस्टर, झाली.” त्यांनी माप उजेडात धरले. “दोनशे!” नातवाचा जन्म झाल्यावर आजीचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. बाहेर कुठल्याशा मंडळाने ढोल वाजवायला सुरुवात केली होती. गणेशचतुर्थी उजाडली होती. दोनशे मिलिलिटरला इतक्या मनापासून हात जोडणारी दुसरी बाई त्या दिवशी पुण्यात नसेल.

दुसऱ्या रात्री सलाईन कमी करू लागले तेव्हा मी पुन्हा माझे शहाणपण काढले. “अजून थोडं द्या ना, अशक्त आहे.” सिस्टर म्हणाल्या, “आता बाहेर गेलेलं पाणी आपोआप आत परत येतं ताई. वर आपण भरत राहिलो तर छातीत भरेल.” म्हणजे देणे जेवढे महत्त्वाचे तेवढेच वेळेवर हात आखडणेही. आम्हा आयांना हे दुसरे फार जड जाते.

पुढचे दोन दिवस खाजण्यात गेले. अंगभर तांबडे पुरळ नि मधे मधे पांढरे ठिपके. हे बरे होण्याचे लक्षण. सिस्टरांनी त्याची नखे कापली. मला आजी आठवली.

गुरुवारी, गौरी आल्या त्या दिवशी, आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मी एका रात्री कोश काढून बसले. शब्द मला ठाऊक होता, त्याची व्युत्पत्तीही बी. ए. ला शिकले होते. पण शिकलेले आणि कळलेले यांत अंतर असते, तेही कधी कधी वीस वर्षांचे. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा. त्याच घडणीचा शब्द शुश्रूषा. धातू ‘श्रु’, ऐकणे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा! गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञापालन, त्यावरून सेवा, आणि शेवटी रोग्याची सेवा. मधल्या अर्थांच्या गर्दीत पहिला अर्थ आपण विसरलो.

आणि मग माझे मलाच प्रश्न आठवले. बरं वाटतंय ना? दुखत नाही ना? झाली ना? हा जो वाक्याच्या शेवटी बसलेला ‘ना’ आहे, त्यावर मी वर्गात अर्धा तास बोलू शकते. तो प्रश्न विचारत नाही, होकार मागतो. उत्तर आधी मीच प्रश्नात घातलेले, मुलाने फक्त मान हलवायची. चौदा वर्षांचे शहाणे मूल आईला हवे ते उत्तर देऊन मोकळे होते. सिस्टरांच्या एकाही प्रश्नाला ‘ना’ नव्हता. कुठे? कधी? आधी की नंतर? आणि विचारून झाल्यावर थांबायचे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे १८५९ चे पुस्तक मग मी मिळवून वाचले. ते परिचारिकांसाठी क्रमिक पुस्तक म्हणून लिहिलेलेच नाही. घरात कोणाच्या ना कोणाच्या प्रकृतीची जबाबदारी असलेल्या सामान्य बायांसाठी लिहिले आहे. त्यात रोग्याचे निरीक्षण कसे करावे यावर एक आख्खे प्रकरण आहे, आणि उत्तर सुचवणारे प्रश्न रोग्याला विचारू नयेत हे बाईंनी त्यात बजावून ठेवले आहे. एकशे साठ वर्षांपूर्वी! आम्ही मात्र अजून ‘ना’ लावतो आहोत.

मोठ्या मुलाचे ऐकायचे तर निदान त्याला वाचा असते. तान्ह्याचे काय? शेजारच्या खाटेवरच्या त्या आठ महिन्यांच्या बाळाचे सिस्टर कसे ऐकत, ते मी मंगळवारी दुपारी पाहिले. बाळ झोपले की हलकेच झबले वर करायच्या आणि छातीकडे पाहत पुरते एक मिनिट श्वास मोजायच्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे नाही. लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास झाले तर ते जलद. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर घरी थांबायचेच नाही. “रडतंय तोवर मला तेवढी काळजी नसते,” त्या त्या आईला सांगत होत्या. “रडायचं सोडलं, प्यायचं सोडलं, की मला बोलवा.” त्या बाईने हे तीनदा घोकून घेतले. माझ्याहून शिकाऊ होती.

माझी आणखी एक चूक सांगून टाकते, कारण ती घरोघरी होत असणार. डॉक्टरांनी जीवनजल, म्हणजे ओआरएस, द्यायला सांगितले होते. मी अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात घालून बाकीचे चिमटा लावून ठेवत असे. काटकसर! सिस्टरांनी ते पाहिले आणि पेला सरळ मोरीत ओतला. लिटरचे पाकीट म्हणजे ते सबंध, एकदम, एक लिटर पाण्यातच. दाट झाले तर उपायाचा अपाय होतो, पातळ झाले तर उपयोग नाही, आणि चोवीस तासांनी उरेल ते फेकायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

या साध्या पाण्यामागे केवढी कथा आहे! १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत चालले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज नि खाण्याच्या सोड्याचे मिश्रण पाण्यात विरघळवून, नळ लावलेल्या पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या आया, मावश्या, भाऊ यांच्या हाती पेले दिले. पाजत राहा, एवढीच आज्ञा. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. हे डॉक्टर २०२२ मध्ये वारले. त्या छावणीत हजारो जीव वाचवले ते शिक्षण न घेतलेल्या नातेवाइकांनी, पण एका माणसाने त्यांना नेमके काय नि किती हे सांगितल्यानंतर. नुसत्या मायेने आम्ही दोन तासांत दोन गोळ्या देतो.

त्याच २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली आणि मुले दगावली. कोविडच्या काळात अनेकांच्या लसी राहून गेल्या होत्या, हे त्यामागचे एक कारण. गोवर आमच्या आजीच्या लेखी ‘येऊन जाणारा’ पाहुणा होता. खोलीत अंधार करणे, मुलाला वेगळे ठेवणे हे ती करी, आणि ते वाईट नव्हते. पण गोवर न्यूमोनिया करतो, डोळे नेतो. म्हणून गोवराच्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देतात. आणि उपाशी ठेवणे तर मुळीच नको. तापात लंघन हे आमच्याकडचे ब्रह्मवाक्य; वाढत्या मुलाला ते फार महाग पडते.

वॉर्डात सिस्टर दर खाटेमागे हात धूत, त्याचा मी एकदा हिशेब ठेवायचा प्रयत्न केला आणि तासाभरात सोडून दिला. डेंग्यू स्पर्शाने होत नाही. तो दिवसा चावणाऱ्या डासातून होतो, आणि रोग्याला मच्छरदाणीत ठेवायचे ते त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावू नये म्हणून. पण त्यांच्या वॉर्डात सगळ्याच जातींचे ताप येतात. एका संध्याकाळी मी विचारले, “भीती नाही वाटत?” म्हणाल्या, “वाटते की. म्हणून तर हात धुते.” मला पुण्यातलीच एक जुनी गोष्ट आठवली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. स्वतःला संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा शाळेच्या पुस्तकात मी ती वाचली होती, तेव्हा मला ती धैर्याची गोष्ट वाटली होती. आता वाटते, त्या पोराला उचलायच्या आधी बाई त्याच्यापाशी वाकल्या असतील, काय होते म्हणून विचारले असेल.

आमच्या घरीही आता आजारपणाचा डबा आहे. पारा गेला, आकडे दाखवणारा थर्मामीटर आला. कोलनवॉटर मी हौसेने ठेवले आहे. त्याने ताप उतरत नाही, पण वास आजीचा आहे. औषधाच्या बाटलीबरोबर आलेले माप, कारण चहाचे चमचे घरात पाच मापांचे निघाले. उरलेली प्रतिजैविके ठेवायची नाहीत. तीन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडलेल्या अर्ध्या गोळ्या पलीकडच्या विषमज्वराच्या चिमुरडीला काय करून बसल्या, ते मी पाहिले आहे. आणि दोरीने बांधलेली एक वही नि पेन्सिल. सासूबाईंनीही तीत लिहायचे कबूल केले आहे. त्या वेळेऐवजी ‘मालिका लागायच्या आधी’ असे लिहितात, पण लिहितात. गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा दर रविवारी कोरड्या करणे हे काम चिरंजीवांकडे आहे. ती पैदास आमच्याच गॅलरीत झाली असावी, असा मला दाट संशय आहे.

यंदाच्या पावसाळ्यात धाकटी तापली. वय वर्षे नऊ. साधाच ताप होता, पण मी रात्री तिच्या उशाशी बसले होते. सवयीने तोंडात आलेच, “बरं वाटतंय...” आणि ‘ना’ गिळला. म्हटले, “कुठे काय होतंय, सांग.” ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. पंख्याचा आवाज येत होता. पाचेक मिनिटांनी तिने डोळे न उघडताच विचारले, “आई, तू गेलीस का?”

“नाही गं. इथेच आहे.”

“मग सांगते. घसा दुखतोय. आणि गणिताची वही मी हरवलीये.”

मी पेन्सिल उचलली आणि वहीत लिहिले: रात्री ९.४०, घसा.